काच आणि ॲक्रिलिकवर सब्लिमेशन: तापमान विचारण्याआधी रंग कशात शिरणार ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: टी-शर्ट आणि मगवर सब्लिमेशन (कागदावर छापलेला रंग उष्णतेने वाफ करून वस्तूत उतरवण्याची छपाई) चांगलं जमतं, घरी सपाट हीट प्रेस (तापवून दाबणारं यंत्र) आहे. आता ४ मिमी काचेवर आणि ५ मिमी ॲक्रिलिकवर फोटो छापायचे आहेत. साध्या काचेवर २०० अंश सेल्सिअसला छापलेला फोटो ओल्या फडक्याने पुसला गेला. त्याच तापमानाला ॲक्रिलिक वाकलं आणि कागदाला चिकटलं. तर या दोन्हींसाठी बरोबर तापमान आणि वेळ किती?

काचेचे आकडे पुढे देतो. पण नुसत्या आकड्यांनी तुमचं काम होणार नाही, कारण दोन्हीकडे बिघडलं ते वेगवेगळ्या कारणांनी. काचेत रंगाला शिरायला जागाच नव्हती. ॲक्रिलिकमध्ये जागा होती, पण रंग आत जाईपर्यंत शीटच मऊ पडली. पहिल्यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे. दुसऱ्याच्या बाबतीत माझं मत असं की बहुतेक वेळा सब्लिमेशनचा हट्ट सोडावा. का, ते सांगतो.

सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स डाय नावाचे रंग असतात. त्यांचे रेणू लहान, पाण्यात जवळपास न विरघळणारे. साधारण १८० ते २१० अंशांच्या पट्ट्यात ते कागदावरून वाफ होऊन निघतात. ही वाफ समोरच्या वस्तूवर नुसती बसली तर उपयोग नाही. ती पॉलिमरच्या (रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) आत शिरून, गार झाल्यावर तिथेच अडकली पाहिजे. पॉलिएस्टर हे काम फार छान करतं. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर त्याच्या साखळ्या सैल होतात आणि रंगाला वाट मिळते. वितळायला मात्र त्याला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं, कारण त्यात स्फटिकासारखे घट्ट बांधलेले भाग असतात आणि तेच आकार धरून ठेवतात. म्हणजे २०० अंशांना पॉलिएस्टर आतून सैल आणि बाहेरून शाबूत असतं. सब्लिमेशनचा सगळा धंदा या एका सोयीवर उभा आहे.

आता तुमच्या मगाकडे बघा. चिनीमातीत रंग शिरत नाही. मगावर कारखान्यातच पारदर्शक पॉलिमरचं कोटिंग दिलेलं असतं, आणि इतके दिवस तुम्ही त्या कोटिंगमध्ये छापत आला आहात. काचेचंही तेच. काचेत साखळ्या नाहीत, छिद्रं नाहीत, काही नाही. वाफ तिच्यावर थिजते, पातळ थर होतो, आणि फडक्याला लागून निघतो. तुम्ही २०० ऐवजी २१० ठेवलं असतं, वेळ दुप्पट केला असता, तरी हेच झालं असतं.

म्हणून काचेचा पहिला प्रश्न कोटिंगचा. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे सब्लिमेशनसाठीच कोटिंग केलेले तयार ब्लँक, म्हणजे छापायच्या कोऱ्या वस्तू, घेणं. सुरुवातीला हाच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. कारण स्वतः कोटिंग करायचं तर दोन कामं एकाच वेळी शिकावी लागतात आणि खराब निकाल आला की चूक कोटिंगची की प्रेसची हे कळत नाही.

तरीही स्वतःच्या मापाच्या काचा हव्या असतील तर कोटिंग करावंच लागेल, तेव्हा त्याविषयी थोडं सविस्तर. बाजारात स्प्रेच्या डब्यांपासून दोन भाग मिसळून वापरायच्या कोटिंगपर्यंत सगळं मिळतं. डब्यातला स्प्रे नमुन्यापुरता ठीक. टिकाऊ कामाला मी दोन भागांचं, भट्टीत पक्कं होणारं कोटिंगच वापरतो. त्यात हार्डनरने (घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाने) साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून ते प्रेसखाली कागदाला चिकटत नाही. अर्धवट पक्कं झालेलं कोटिंग नेमकं हेच करतं: कागद सोलताना धागे वर राहतात आणि कडेची चमक जाते. काचेला धरून ठेवण्यासाठी सिलेनचा प्रायमर लागतो. तो कोटिंगमध्येच मिसळलेला असतो किंवा आधी वेगळा पुसावा लागतो. त्याचं एक टोक काचेशी जुळतं आणि दुसरं पॉलिमरशी. तो वगळला तर छपाई पहिल्या दिवशी सुंदर दिसते आणि ओलावा लागल्यावर कडेकडून पापुद्रा सुटायला लागतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोक बघतात. आजची जवळपास सगळी सपाट काच फ्लोट पद्धतीची असते, म्हणजे वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली. त्यामुळे काचेची एक बाजू कथलाला लागलेली असते, दुसरी हवेकडे राहिलेली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. अंधाऱ्या खोलीत २५४ नॅनोमीटरचा लहान यूव्ही (अतिनील) दिवा काचेच्या पृष्ठभागाशी तिरका धरला की कथलाची बाजू दुधट, धुरकट चमकते आणि दुसरी काळीच राहते. कोटिंग दोन्ही बाजूंवर सारखं धरेलच असं नसतं, म्हणून मी ठरवून हवेची बाजू घेतो आणि कथलाच्या बाजूला कोपऱ्यात काचेच्या पेन्सिलीने खूण करतो. (हा दिवा डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे. यूव्ही अडवणारा चष्मा लावा, हातमोजे घाला, आणि काम झालं की लगेच बंद करा.)

कोटिंग धरलं की नाही हे छापण्याआधी तपासा. फुकट गेलेल्या तुकड्यावर धारदार पात्याने आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकडी करा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तिथेच थांबा. न आले तर तोच तुकडा काही वेळ गरम पाण्यात ठेवून, पुसून, पुन्हा तीच चाचणी करा. कोरडं असताना उत्तम धरलेलं कोटिंग पाण्यानंतर सुटताना मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता काच कुठली. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली, काच घ्या. साध्या काचेच्या दोन भागांत साधारण ४० अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच त्याच्या कितीतरी पट फरक सहन करते. साधी काच प्रेसखाली फुटतेच असं नाही. हळूहळू, सगळीकडून सारखी तापली तर निभावते. पण कडेला एखादा टवका असेल तर तडा तिथूनच सुरू होतो, आणि बहुतेक वेळा प्रेसमध्ये नाही, बाहेर काढून थंड टेबलावर ठेवल्यावर. टफन्डची अट एकच: टफनिंग झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. त्यामुळे माप, भोकं आणि कडा आधी, टफनिंग मग, कोटिंग त्यानंतर. हा क्रम उलटवता येत नाही.

मग तापमान? माझी सुरुवात १९० अंशांपासून असते. ४ मिमी काचेला ३ ते ५ मिनिटं, दाब हलका ते मध्यम. तुमच्या ब्लँकच्या पुरवठादाराने वेगळे आकडे दिले असतील तर आधी त्याचे वापरा, कारण कोटिंग त्याचं आहे. पण यातला वेळ काय मोजतो हे समजून घ्या. तुमचा प्रेस जो वेळ दाखवतो तो झाकण बंद केल्यापासूनचा. रंगाला हवा असतो तो कोटिंग तापल्यानंतरचा वेळ, आणि तो फार थोडा असतो, मिनिटाच्या आसपास. बाकी सगळा वेळ काच तापवण्यात जातो. टी-शर्ट काही सेकंदांत तापतो. काचेचा जाड तुकडा वरच्या प्लेटनकडून (प्रेसच्या तापणाऱ्या पाटाकडून) आलेली उष्णता खाली ओढत राहतो, आणि खाली थंड धातू असेल तर तो आणखी ओढतो. म्हणून ६ मिमी काचेला ४ मिमीचा वेळ चालत नाही. तोच प्रेस सकाळी पहिल्या तुकड्याला फिकट छापतो आणि पाचव्या तुकड्याला गडद, तेही यामुळेच. खालचा पाट तोवर तापलेला असतो.

यावर उपाय म्हणजे मोजणं. बारीक तारेचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घ्या, त्याचं टोक उष्णतारोधक टेपने कोटिंगवर चिकटवा, वर कोरा कागद ठेवा आणि प्रेस बंद करून आकडा चढताना बघा. १८० ओलांडायला किती वेळ लागला ते लिहा, त्यात मिनिटभर मिळवा. हा तुमच्या प्रेसचा, तुमच्या काचेचा वेळ. कुणाच्याही तक्त्यापेक्षा तो खरा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूच्या प्लेटनवर वापरू नका, तो बराच कमी आकडा दाखवतो. प्लेटनवर काळा मॅट उष्णतारोधक टेप लावून त्यावर नेम धरलात तर मात्र काम भागतं. हाच प्रयोग प्लेटनच्या मध्यावर आणि कोपऱ्यात केलात तर स्वस्त प्रेसच्या कडा किती थंड असतात तेही दिसेल.

मांडणी अशी ठेवा. खाली सिलिकॉनची शीट किंवा उष्णतारोधक फेल्ट, त्यावर बिनछापाचा कागद, त्यावर काच, कोटिंग वर. त्यावर छापील कागद, छपाई खाली, दोन-तीन ठिकाणी उष्णतारोधक टेपने पक्का. त्यावर पुन्हा बिनछापाचा कागद. फेल्ट केवळ उष्णता अडवण्यासाठी नाही. टफन्ड काच पूर्ण सपाट नसते, भट्टीतल्या रोलरांमुळे तिच्यात अगदी हलक्या लाटा असतात. खाली कडक पाट असला की लाटेच्या माथ्यावर दाब पडतो, खळग्यात पडत नाही, आणि फोटोत फिकट पट्टे येतात. एकाच दिशेने जाणारे फिकट पट्टे दिसले तर शाईला दोष देण्याआधी खालचा पाट मऊ करून बघा.

कागद कोरडा हवा. कागदातल्या ओलाव्याची वाफ कापडातून निघून जाते, काचेवर तिला जायला जागा नाही. ती कागद आणि कोटिंगच्या मधे अडकते आणि आभाळाच्या निळ्या भागात पांढुरके डाग सोडते. दमट हवेत मी छापील कागद प्रेसच्या झाकणाखाली, न टेकवता, थोडा वेळ धरतो. काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं फडकं. घरगुती काच साफ करायचे स्प्रे नकोत, काहींमध्ये चमक आणणारी द्रव्यं असतात आणि ती मागे राहतात.

प्रेस उघडल्यावर घाई आणि धांदल यांतला फरक सांभाळायचा. काच बराच वेळ गरम राहते, म्हणजे रंगाची वाफ निघणं झाकण उघडलं म्हणून थांबत नाही. या वेळी कागद जरा सरकला की फोटोला सावली पडते, डोळ्यांभोवती दुसरी पुसट कड दिसते. टेप एका बाजूचा तसाच ठेवून, कागद एकाच हालचालीत, पुस्तकाचं पान उलटावं तसा उचला. मग काच फेल्टवर किंवा लाकडावर ठेवा. धातूवर नाही, फरशीवर नाही, पंख्याखाली नाही. तापलेली काच गार काचेसारखीच दिसते, तेव्हा ठेवण्याची जागा ठरलेली असू द्या आणि घरातल्यांना ती माहीत असू द्या. खोली हवेशीर ठेवा हे वेगळं सांगायला नको.

काचेचा शेवटचा मुद्दा पांढऱ्या रंगाचा, आणि यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. सब्लिमेशनच्या शाईत पांढरा नसतो. फोटोतला पांढरा म्हणजे मागचा पांढरा. पारदर्शक कोटिंगच्या काचेवर छापलेला चेहरा भिंतीवर टांगला की भिंतीचाच रंग घेतो. म्हणून एकतर पांढऱ्या थराचा ब्लँक घ्या, किंवा पारदर्शक कोटिंगमध्ये छापून मागे पांढरा रंग अथवा पांढरी विनाईल लावा. दुसऱ्या पद्धतीत फोटो काचेतून बघायचा असतो आणि छपाई मागे सुरक्षित राहते, म्हणून फोटोसाठी मला तीच आवडते. मग फोटो मिरर करायचा, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा छापायचा, की नाही? ज्या बाजूला छापलं तीच बाजू बघायची असेल तर मिरर करा. काचेतून, मागून बघायचं असेल तर करू नका. खात्री नसेल तर कागदाच्या कोपऱ्यात दोन अक्षरं लिहून छापील कागद काचेला लावून बघा, डोक्यात फिरवत बसू नका. साधी काच कडेने बघितली की हिरवी दिसते ना, तो लोहाचा हिरवटपणा गोऱ्या कातडीच्या रंगात आणि पांढऱ्या कपड्यांत उतरतो. माणसांचे फोटो असतील तर कमी लोहाची काच घ्या, किंवा फाइलमध्ये मॅजेंटा किंचित वाढवा. रंगांचं प्रोफाइल (वस्तूप्रमाणे छपाईचे रंग जुळवणारी फाइल) काचेसाठी वेगळं लागतं. टी-शर्टचं चालवू नका, एवढं पुरे.

आता ॲक्रिलिक.

वर पॉलिएस्टरची जी सोय सांगितली ती ॲक्रिलिककडे नाही. ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना सैल पडायला लागतं. त्याच्यात स्फटिकासारखे भाग नसतात, त्यामुळे एकदा सैल पडलं की आकार धरून ठेवणारं आत काहीच उरत नाही. १६० अंशांच्या पुढे तर ते रबरासारखं होतं. साइनबोर्डवाले त्याला वाकवतात, साच्यात ओढतात, ते याच पट्ट्यात. म्हणजे रंगाची वाफ जोरात निघायला लागते तेव्हा तुमची शीट वाकवण्याच्या अवस्थेत असते. आणि तुम्ही वरून दाबत असता. प्लेटनचा दाब तिला पातळ करतो, कागदाचा खरखरीतपणा चकचकीत पृष्ठभागावर उमटतो, कागद रुतून बसतो. तुमच्याकडे झालं ते प्रेसच्या बिघाडाने नाही. ॲक्रिलिकने त्या तापमानाला जे करायचं तेच केलं.

स्वतः बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. ॲक्रिलिकच्या पट्टीवर बारीक टोकाने बरोबर १०० मिमी अंतरावर दोन खुणा कोरा, लांबीच्या दिशेने, आणि तशाच दोन रुंदीच्या दिशेने. भट्टीत १६० अंशांना, सिलिकॉनच्या कागदावर, मोकळी ठेवा. पूर्ण तापली की बाहेर काढून सपाट गार होऊ द्या आणि मोजा. कास्ट (साच्यात ओतून केलेलं) ॲक्रिलिक असेल तर दोन्ही दिशांना साधारण सारखंच, २ टक्क्यांपर्यंत आखडलेलं दिसेल आणि जाडी थोडी वाढलेली. एक्स्ट्रूडेड असेल तर ज्या दिशेने ते यंत्रातून ओढलं गेलं त्या दिशेला बरंच जास्त आखडेल, दुसऱ्या दिशेला कमी. फोटोत चेहरा एका बाजूने दबलेला का आला याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. दुकानदार कास्ट म्हणून काय देतो तेही या प्रयोगात कळतं.

त्यात ॲक्रिलिक हवेतला ओलावा शोषतं. झटकन तापवलं की तो आतल्या आत वाफ होतो आणि शीटमध्ये बारीक बुडबुडे उठतात, कागदाखाली नाही, थेट प्लास्टिकच्या पोटात. यासाठी आधी ८० अंशांना काही तास सुकवावं लागतं. वरची संरक्षक फिल्म आधी काढायची, दोन्ही बाजूंची. खालच्या बाजूची फिल्म विसरली की ती कायमची चिकटते.

आणि काचेची सवय इथे आणू नका: ॲक्रिलिक अल्कोहोलने पुसायचं नाही. लेझरने कापलेल्या किंवा ज्योतीने चमकवलेल्या कडांमध्ये ताण अडकलेला असतो. तिथे अल्कोहोल लागलं की केसासारख्या भेगांचं जाळं उठतं, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर, एवढंच.

मग सब्लिमेशनचे म्हणून ॲक्रिलिक ब्लँक मिळतात, ते काय? मिळतात आणि चालतातही. त्यांच्यावर वेगळं कोटिंग असतं, पुरवठादार कमी तापमान, कमी वेळ आणि जवळपास नसल्यासारखा दाब सांगतो. कीचेन, छोटे कानातले, बिल्ले अशा लहान वस्तूंना ते ठीक आहेत, कारण एवढ्याशा तुकड्यातला अर्ध्या मिलिमीटरचा बदल कुणी बघत नाही. काढल्या काढल्या दोन सपाट थंड पाटांमध्ये वजनाखाली ठेवायचं, पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. कागद गरम असताना काढायचा की गार झाल्यावर, हे कोटिंगवर अवलंबून आहे. एकेक तुकडा दोन्ही प्रकारे करून ठरवा. पण तुमच्यासारखा ५ मिमी जाडीचा, टेबलावर ठेवायचा फोटो-ब्लॉक? त्यात खोली दिसायला हवी, कडा आरशासारख्या हव्यात, पृष्ठभाग निर्मळ हवा. नेमक्या याच तीन गोष्टी हीट प्रेस बिघडवतो. काळजीने केलं तर निम्मे तुकडे बरे येतील, पण बरं आणि चांगलं यातलं अंतर ग्राहकाला शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं.

त्यापेक्षा ॲक्रिलिकला तापवूच नका. फोटो दुसऱ्या कशावर तरी छापा आणि ॲक्रिलिकच्या मागे चिकटवा. चांगल्या फोटो पेपरवर छापलेला प्रिंट पारदर्शक चिकट फिल्मने ॲक्रिलिकच्या पाठीला लावला की लोकांना हवा असतो तो खोलीचा, ओल्या रंगासारखा परिणाम मिळतो. कलादालनांत ॲक्रिलिकमागचे जे मोठे फोटो दिसतात ते बहुतेक याच जातीचे, फक्त तिथे फिल्मऐवजी सिलिकॉन वापरण्याचीही पद्धत आहे. घरी ५ मिमी ब्लॉकसाठी फिल्म पुरते. अडचण एकच, धूळ. एक कण अडकला की चकाकता ठिपका होऊन बसतो. काम करण्याआधी खोलीत पाण्याचा बारीक फवारा मारून धूळ खाली बसू द्या, ॲक्रिलिकची संरक्षक फिल्म अगदी शेवटच्या क्षणी काढा, आणि एका कडेपासून रोलरने हळूहळू पुढे जा. ती संरक्षक फिल्म ओढली की ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि ते धूळ खेचतं, म्हणून ओढल्यावर ओलसर मायक्रोफायबरचा एक हात फिरवून मगच लावा.

सब्लिमेशनच करायचं असेल, तुमच्याकडे शाई-प्रेस आहेच म्हणून, तर कोटिंग केलेल्या पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर छापा आणि तो पत्रा ॲक्रिलिकमागे लावा. पत्रा भराभर आणि सारखा तापतो, सपाट राहतो, सब्लिमेशनला याच्याइतकी सोपी कडक वस्तू नाही. खरं सांगायचं तर बरेच ग्राहक पत्र्यावरचा फोटो पाहून ॲक्रिलिकचा आग्रह सोडतात.

संख्या मोठी असेल तर यूव्ही फ्लॅटबेडवाल्याकडून (सपाट वस्तूवर थेट शाई छापणारं यंत्र असलेल्याकडून) छापून घ्या. त्याच्या शाईत पांढरा असतो, ती प्रकाशाने पक्की होते, शीट तापून वाकत नाही. ॲक्रिलिकच्या मागे आधी रंग, त्यावर पांढरा, असा उलटा क्रम सांगा आणि मिररचा हिशेब त्याच्याशी बोलून घ्या. काचेवर यूव्ही छापायचं तर प्रायमर लागतो का, लागला तर कुठला, हेही विचारा. तिथेही काच कुणाला सहजी चिकटू देत नाही.

छापून झाल्यावर दोष कसे वाचायचे ते थोडक्यात. काळा तपकिरी झाला आणि बारीक कडा फुगल्या, तर तापमान किंवा वेळ जास्त. सगळाच फोटो धुतल्यासारखा, तर कमी, बहुधा काच तापलीच नाही. मध्य छान आणि कडा फिकट, तर प्लेटनचे कोपरे थंड किंवा दाब असमान. फक्त गडद भागात गोल फिकट ठिपके, तर ओलावा किंवा धूळ. फिकट आलेली काच पुन्हा प्रेसखाली घालायचा मोह होतो. आधीचाच रंग पुन्हा तापून पसरतो, आणि दुसरा कागद आधीच्या छपाईवर तंतोतंत जुळवता येत नाही. ती चाचणीच्या ढिगात टाका, चौकडीच्या चाचणीला उपयोगी पडते.

टिकण्याविषयी ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. हे रंग थेट उन्हात फिके पडतात, आणि काचेमागे आहेत म्हणून वाचत नाहीत, कारण खिडकीची काच यूव्हीचा एक भाग अडवते पण लांब लहरींचा बराच भाग आत सोडते. खिडकीसमोरची भिंत टाळा. काचेचे कोस्टर वगैरे करणार असाल तर छपाई खालच्या बाजूला ठेवा आणि डिशवॉशर नको, पाणी कोटिंगच्या कडेतून शिरतं.

तुमच्या नेमक्या कामासाठी मी असं करेन: ४ मिमी काचेचे तयार कोटेड ब्लँक, कमी लोहाचे मिळाले तर तेच, थर्मोकपलने एकदा वेळ ठरवून. ॲक्रिलिकचे ब्लॉक मागे चिकटवलेल्या फोटोचे, प्रेस न लावता. काचेत तरीही अडलात तर तीन गोष्टी कळवा: कोटिंग कुठल्या बाजूला आणि पांढरं की पारदर्शक, प्रेसच्या खालच्या पाटावर काय अंथरलं आहे, आणि कोटिंग १८० अंशांपर्यंत जायला किती वेळ लागला. फोटोचा फोटो पाठवलात तर तिरक्या प्रकाशात काढलेला पाठवा, पापुद्रा सुटतोय का ते समोरून कळत नाही.